मुलचेऱ्यापर्यंत न पोहोचणारे खंडन

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : परकीय अपप्रचाराला उत्तर देणाऱ्या शासकीय यंत्रणेची भाषा, पोहोच आणि विश्वासार्हता.

महोदय,

एखाद्या परदेशी सत्तेने, किंवा तिच्या आश्रयाने चालणाऱ्या माध्यमांनी, दुसऱ्या देशातील लोकांची मते आणि वागणूक आपल्या सोयीने वळवण्यासाठी जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्या वा अर्धसत्य मजकुराला परकीय अपप्रचार म्हणतात. त्याला तोंड देण्यासाठी भारत सरकारने गेल्या काही वर्षांत जी यंत्रणा उभी केली आहे, तिचे मुख्यतः दोन भाग आहेत. पहिला भाग प्रतिबंधाचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९-अ आणि २०२१ चे नियम यांच्या आधारे देशाची सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आणणारा मजकूर भारतात दिसू नये, असा आदेश समाजमाध्यम कंपन्यांना देता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानातून सूत्रे हलवली जाणारी २० यूट्यूब चॅनेल आणि जानेवारी २०२२ मध्ये आणखी ३५ चॅनेल याच अधिकारातून बंद करण्यात आली, आणि मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या काळात १,४०० हून अधिक दुवे रोखल्याचे सरकारने संसदेत सांगितले. दुसरा भाग खंडनाचा आहे. पत्र सूचना कार्यालयात २०१९ पासून तथ्य पडताळणी कक्ष काम करतो आणि केंद्र सरकारशी संबंधित खोटे दावे शोधून त्यांवर ‘खोटे’ असा शिक्का मारलेली चित्रे समाजमाध्यमांवर टाकतो.

या दोन्ही भागांचे काम अनावश्यक आहे, असे या पत्राचे म्हणणे नाही. मे २०२५ मध्ये हाजिरा बंदरावर हल्ला झाल्याचे सांगणारी एक ध्वनिचित्रफीत देशभर फिरत असताना, ती प्रत्यक्षात ७ जुलै २०२१ च्या एका तेलटँकरच्या स्फोटाची आहे, हे याच कक्षाने दाखवून दिले, आणि जालंधरमधील ड्रोनहल्ला म्हणून फिरणारी दृश्ये शेतातील आगीची असल्याचेही त्यानेच सांगितले. युद्धप्रसंगी घबराट आवरण्यासाठी असे तत्पर आणि नेमके उत्तर लागते. परंतु हे उत्तर ज्या भाषांत, ज्या माध्यमांतून आणि ज्या विषयांपुरते दिले जाते, ते पाहता गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यासारखा प्रदेश या यंत्रणेच्या जवळजवळ बाहेरच राहतो. अपप्रचार मात्र तेथे रोज पोहोचतो. ही तफावत मंत्रालयाच्या नजरेस आणून देण्यासाठी आणि ती मिटवण्याचे उपाय सुचवण्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

मुलचेरा तालुक्याची भाषिक रचना दिल्लीतून सहज लक्षात येणारी नाही. येथील मूळ वस्ती गोंड आणि माडिया समाजाची असून जंगलातील गावांत गोंडी आणि माडिया बोलल्या जातात, कार्यालयांची आणि शाळांची भाषा मराठी आहे, तर अहेरी-सिरोंच्याच्या दिशेने तेलुगूचा वावर वाढत जातो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकापासून तत्कालीन चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले, आणि त्यांची सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारखी गावे आज या तालुक्याचा अविभाज्य भाग आहेत. भातशेती, मासेमारी, भाजीपाला आणि दुर्गापूजा यांतून या कुटुंबांनी येथे मुळे रोवली. त्यांची मुले मराठीत शिकली, तरी घरातील बोलणे, नात्यागोत्यातील फोन आणि करमणूक बंगालीतच राहिली. एकाच आठवडी बाजारात चार-पाच भाषा कानावर पडतात, आणि प्रत्येक भाषेचा मोबाइलवरचा प्रवाह वेगळ्या गावाहून, वेगळ्या राज्यातून आणि बंगालीच्या बाबतीत वेगळ्या देशातून येतो.

हा प्रवाह काय घेऊन येतो, हे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्टपणे दिसले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान शेख हसीना यांना बांगलादेश सोडावा लागला, आणि त्यानंतर तेथील हिंदूंवर हल्ले झाले. बांगलादेश हिंदू बौद्ध ख्रिश्चन ऐक्य परिषदेने ४ ते २० ऑगस्ट या काळातील २,०१० घटनांची नोंद जाहीर केली, तर तेथील अंतरिम सरकारने त्यांतील बहुतेक घटना धार्मिक नसून राजकीय असल्याचे म्हटले. या खऱ्या दुःखाच्या पाठीवर बसून खोट्या मजकुराची लाट आली. आगीने वेढलेल्या एका घराची दृश्ये हिंदू क्रिकेटपटू लिटन दास यांचे घर जाळल्याची म्हणून पसरली. ते घर प्रत्यक्षात नडाइल येथील मशरफे मोर्तझा यांचे होते. मोर्तझा हे माजी कर्णधार आणि अवामी लीगचे खासदार, धर्माने मुसलमान, आणि जमावाचा राग त्यांच्या पक्षावर होता. सातखिरा जिल्ह्यातील जळते उपाहारगृह मंदिर म्हणून दाखवले गेले. ज्या कुटुंबांचे आजे-पणजे त्या भूमीतून जीव मुठीत धरून आले, त्यांच्या हातातील फोनवर अशी चित्रे आली की ती तपासून पाहण्याची शुद्ध कोणाला राहणार?

येथे दोन संज्ञांमधील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. खोटे आहे हे ठाऊक असूनही हेतुपूर्वक पसरवलेला मजकूर हा अपप्रचार ठरतो, आणि खरे समजून, बहुधा काळजीपोटी पुढे पाठवलेला मजकूर ही केवळ चुकीची माहिती असते. लिटन दास यांच्या नावाने घर जळताना दाखवणारी चित्रफीत पहिल्यांदा कोणी तयार केली हा तपास यंत्रणांचा विषय आहे, परंतु मुलचेरा तालुक्यातील एखादी आजी ती चित्रफीत आपल्या भाच्याला पाठवते तेव्हा तिच्या मनात कोणताही कट नसतो. शासनाने या दोन व्यक्तींना एकाच तराजूत तोलले, तर दुसरी व्यक्ती घाबरून गप्प बसते आणि शंका विचारायची थांबते. २०२५ मध्ये अवैध बांगलादेशी स्थलांतरितांविरुद्ध झालेल्या मोहिमांत बंगाली बोलणाऱ्या भारतीय मजुरांनाही महाराष्ट्रात ताब्यात घेण्यात आल्याच्या आणि सीमेपार ढकलून पुन्हा परत आणावे लागल्याच्या घटना घडल्या. त्यामुळे बंगालीत आलेल्या एखाद्या चित्रफितीविषयी पोलीस ठाण्यात जाऊन विचारण्याची हिंमत या कुटुंबांना होणे अवघड आहे. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमाने दाखले, योजना आणि रोजगार प्रशिक्षण गावाजवळ आणले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण बातमीची शंका विचारण्याची जागा गणवेशाबाहेर असायला हवी.

तथ्य पडताळणी कक्षाच्या कामाची चौकट येथे आडवी येते. युद्धप्रसंग वगळता हा कक्ष मुख्यतः केंद्र सरकारच्या कारभाराशी संबंधित दावे तपासतो. नडाइलमधील घर कोणाचे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत बसत नाही. त्याची खंडने मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत, ‘एक्स’सारख्या माध्यमांवर येतात, आणि तालुक्यातील फार थोडे लोक ती माध्यमे पाहतात. खासगी तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी वरील दोन्ही चित्रफितींचे सत्य काही दिवसांत मांडले. तेही बातमीच्या स्वरूपात शहरी वाचकापर्यंत गेले. ज्या गटांतून चित्रफीत आली त्या गटांत उत्तर आले नाही. शिवाय सगळेच खोटे आहे असे सरसकट सांगणारे उत्तर आले असते, तर ते याहून घातक ठरले असते, कारण नातेवाइकांकडून खऱ्या हल्ल्यांची खबर ज्यांना मिळाली होती त्यांनी सरकारी खंडनावरच अविश्वास दाखवला असता. काय घडले, काय घडले नाही आणि कशाची अजून खात्री झालेली नाही, हे तिन्ही वेगवेगळे सांगणे हा खंडनाचा गाभा आहे.

असे उत्तर देणे भारत सरकारला येत नाही, असे मुळीच नाही. त्याच ऑगस्ट महिन्यात पूर्व बांगलादेशात महापूर आला आणि त्रिपुरातील गोमती नदीवरील डुंबूर धरणाचे दरवाजे भारताने मुद्दाम उघडले, असा आरोप तेथे वणव्यासारखा पसरला. परराष्ट्र मंत्रालयाने २२ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेले निवेदन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्यात आरोप करणाऱ्यांवर आगपाखड करण्यात वेळ घालवलेला नाही. गोमतीच्या पाणलोट क्षेत्रात त्या वर्षातील सर्वाधिक पाऊस झाला, पूर मुख्यतः धरणाच्या खालच्या अंगाच्या मोठ्या पाणलोटातून आला, धरण सीमेपासून १२० किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्याची उंची सुमारे ३० मीटर म्हणजे कमीच आहे, त्यातून निर्माण होणारी काही वीज बांगलादेशही घेतो आणि पाणी वाढल्यावर ते आपोआप बाहेर पडते, अशी माहिती त्यात क्रमाने दिली आहे. धरणाचे सीमेपासूनचे अंतर आणि त्याची उंची कोणालाही तपासता येते. वाचणाऱ्याला विश्वास ठेवा असे सांगावे लागत नाही, कारण तपासण्याची साधने त्याच्या हाती दिलेली असतात.

आणि हे निवेदन गडचिरोलीकरांना सहज समजणारे होते, ही बाब मंत्रालयाने ध्यानात घ्यावी. दर पावसाळ्यात या जिल्ह्यात वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि पर्लकोटा यांच्या पुराविषयी प्रशासनाचे निरोप निघतात. गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, पाणी सोडले, आलापल्ली–भामरागड मार्ग केव्हा बंद झाला, आष्टीजवळ वैनगंगेची पातळी किती आहे, हे आकडे तहसीलदाराकडून तलाठ्याकडे, तलाठ्याकडून कोतवाल आणि पोलीस पाटलाकडे आणि तेथून घरोघरी जातात. त्यांवर लोकांचा विश्वास बसला आहे तो तीन कारणांनी. निरोप वेळेवर येतो. तो आकड्यांत असतो. आणि रस्ता बंद असेल तर बंद असल्याचेच सांगतो, सर्व काही सुरळीत आहे असे सांगत नाही. परकीय अपप्रचाराचे खंडन याच वाटेने, याच माणसांकडून आणि याच प्रामाणिकपणाने गावात गेले पाहिजे, ही या पत्राची मुख्य मागणी आहे. पूरनिरोपाची साखळी तयार आहे. तिला फक्त दुसऱ्या प्रकारच्या पाण्याची खबर देणे शिकवायचे आहे.

परदेशी मजकूर येथे कोणत्याही परदेशी हेतूविना किती जीवघेणा ठरू शकतो, याचा महाराष्ट्रातील धडा धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आहे. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या भागात फिरणाऱ्या मजकुरात ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचे चित्र होते, आणि ते ऑगस्ट २०१३ मधील सीरियातील घूटा येथील विषारी वायूहल्ल्याचे होते. त्याच काळात देशभर पसरलेली, दुचाकीवरून मूल उचलून नेण्याची चित्रफीत कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती, आणि तिच्या शेवटी मूल परत सोडून संदेश दाखवणारा भाग कोणीतरी कापून टाकला होता. घूट्यातील बालकांचे चित्र आणि कराचीतील सद्भावना यांचे रूपांतर साक्री तालुक्यात हत्याकांडात झाले. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मजकुराचा वेग आवरण्यापुरता तिचा उपयोग झाला असेल, पण जमावापुढे उभे राहून ‘हे चित्र आपल्या देशातले नाही’ असे अहिराणीत किंवा तेथील आदिवासी बोलीत सांगणारा अधिकृत आवाज त्या दिवशी राईनपाड्यात नव्हता, आणि तशा आवाजाची तरतूद अजूनही कोणत्याही तालुक्यात नाही.

ऐकणाऱ्याच्या भाषेत उत्तर देण्याचे तत्त्व आकाशवाणीला नवे नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मन रेडिओच्या प्रचाराला वायव्येकडे तोंड देण्यासाठी १ ऑक्टोबर १९३९ रोजी ऑल इंडिया रेडिओने पश्तू भाषेत प्रसारण सुरू केले, आणि तिथूनच त्याच्या परदेश सेवेचा आरंभ झाला. बांगलादेशातील श्रोत्यांसाठी ‘आकाशवाणी मैत्री’ ही बंगाली सेवा २३ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू करण्यात आली. म्हणजे सरकारजवळ बंगालीतून बोलणारी माणसे आहेत, यंत्रे आहेत आणि अनुभवही आहे. सीमेपलीकडच्या बंगाली श्रोत्यासाठी जी तयारी झाली, ती सीमेच्या आत शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या भारतीय बंगाली श्रोत्यासाठी का होऊ नये? एस्टोनिया या लहानशा देशाने हा प्रश्न वेळीच ओळखला. तेथील रशियन भाषक अल्पसंख्याक, विशेषतः नार्वा शहरातील लोक, बातम्यांसाठी मॉस्कोच्या वाहिन्यांवर अवलंबून होते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केल्यावर त्या वाहिन्यांचा प्रचार तेथे धोक्याचा ठरू लागला, तेव्हा सरकारी प्रसारण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये ‘ईटीव्ही प्लस’ ही स्वतःची रशियन वाहिनी सुरू केली. मॉस्कोच्या वाहिन्यांकडे कान देणाऱ्या आपल्याच नागरिकांना शिक्षा करण्याआधी त्यांच्या भाषेत बोलणे त्या देशाने आवश्यक मानले. गोंडीच्या बाबतीत तर परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने २०१० पासून साध्या मोबाइलवर फोन करून गोंडीत बातमी सांगण्याची आणि ऐकण्याची सोय करून दाखवली आहे. तिला वाचता येण्याची अट नव्हती.

तथापि भाषेपेक्षाही मोठा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे, आणि त्याचे उत्तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जनतेने उठाव केला, त्यात सरकारी अधिकारी मारले गेले, आणि नंतर लष्कर व पोलिसांनी गावावर जे अत्याचार केले त्यांत स्त्रियांवरील अत्याचारांचा समावेश होता. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भणसाळी यांनी प्रथम व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेल्या लोकनायक बापूजी अणे यांचे दार ठोठावले आणि पुढे ६० दिवसांहून अधिक उपोषण केले. सरकारने चिमूरची चौकशी केली नाही. त्याने चिमूरविषयीच्या आणि उपोषणाविषयीच्या बातम्यांवर बंदी घातली. त्या बंदीच्या निषेधार्थ देशातील वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी हरताळ पाळला, आणि १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटले. चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सुभाषचंद्र बोस यांनी बर्लिन रेडिओवरून दिली, असे त्या परिसरात आजही अभिमानाने सांगितले जाते. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ते शत्रूचे नभोवाणी केंद्र होते. परंतु स्वदेशातील वृत्तपत्रांना जे छापू दिले जात नव्हते ते ऐकण्यासाठी लोकांनी कान परदेशी लहरींकडे वळवले, यात दोष ऐकणाऱ्यांचा नव्हता. बातमी दाबणारे सरकार परकीय प्रचाराला श्रोते मिळवून देते, हा या भूमीतील पडताळलेला अनुभव आहे.

या अनुभवाच्या उजेडात केंद्र सरकारच्या काही अलीकडील पावलांचा पुनर्विचार व्हावा. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी दुरुस्ती करण्यात आली की केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणताही मजकूर सरकारच्याच तथ्य पडताळणी कक्षाने खोटा वा दिशाभूल करणारा ठरवला, तर तो कायम ठेवणारी कंपनी कायद्याने मिळणारे संरक्षण गमावून बसेल. हे संरक्षण म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ कंपनीला जबाबदार न धरण्याची कलम ७९ मधील तरतूद होय. मुंबई उच्च न्यायालयात ही दुरुस्ती आव्हानित झाली. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली गेली, आणि तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिल्याने ती रद्द झाली. आपल्याविषयी काय खरे आणि काय खोटे हे सरकारनेच अंतिमतः ठरवणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी आणि समानतेशी विसंगत आहे, हा त्या निकालाचा आशय अपप्रचाराविरुद्धच्या लढ्याला अडथळा नाही, तर बळ देणारा आहे, कारण जो पक्ष स्वतःचा न्यायाधीश होतो त्याच्या खंडनाला शत्रूच्या प्रचाराइतकीच किंमत उरते. मजकूर रोखण्याच्या आदेशांबाबतही तसेच आहे. २००९ च्या नियमांतील नियम १६ प्रमाणे हे आदेश गोपनीय राहतात, त्यामुळे कोणते चॅनेल परकीय अपप्रचारासाठी बंद झाले आणि कोणते केवळ टीकेसाठी, हे नागरिकाला अनेकदा कळत नाही, आणि खऱ्या कारवाईवरही संशयाची सावली पडते.

मे २०२५ मधील एक बाब येथे स्पष्टपणे नोंदवणे भाग आहे. ८ मेच्या रात्री अनेक स्वदेशी वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आणि तशाच इतर खोट्या बातम्या तासन्‌तास दाखवल्या. पाकिस्तानी खात्यांवरील खोटेपणा ज्या ठळकपणे आणि ज्या वेगाने खोडला गेला, त्याच ठळकपणे या वाहिन्यांचा खोटेपणा मंत्रालयाने खोडला नाही. जे असत्य सरकारला सोयीचे वाटते ते सोडून देणारी यंत्रणा, गैरसोयीचे असत्य खोडते तेव्हाही प्रेक्षक हात राखूनच ऐकतो. गडचिरोलीत याला आणखी एक पदर आहे. ५ जुलै १९६७ च्या ‘पीपल्स डेली’ या चिनी वृत्तपत्राच्या अग्रलेखाने नक्षलबारीचे जाहीर स्वागत केले होते, आणि पेकिंग रेडिओनेही तोच सूर लावला होता. त्यामुळे माओवादाच्या प्रचारात परदेशी धागा होता हे नाकारता येत नाही. परंतु त्या आधारे पुढील अनेक दशके जमीन, जंगल आणि खाणी यांविषयीच्या प्रत्येक तक्रारीला बाहेरच्या हाताचे लेबल चिकटवण्याची सवय लागली, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या गावांनी मोजली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीची भीती ओसरत असताना गावाला प्रश्न विचारण्याची मोकळीक वाढायला हवी. ग्रामसभेच्या ठरावाला परकीय प्रचार म्हणणे ही त्या मोकळिकीची सर्वांत मोठी हानी ठरेल.

ग्रामसभा ही माहिती तपासण्याची संस्था होऊ शकते, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखवले आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी असलेल्या या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी गावातील अभ्यासगट कायदा, आकडे आणि बाहेरून आलेली माहिती बसून समजावून घेतो. अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा ठेवण्याची ही पद्धत अफवेलाही लागू पडते. एखाद्या गंभीर चित्रफितीवर गावाने काही करण्याआधी ती कोठून आली, कधीची आहे आणि त्याविषयी तालुक्याला विचारले का, एवढे तीन प्रश्न अभ्यासगटात विचारले गेले, तर राईनपाड्यासारखा प्रसंग ओढवण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२५ मध्ये बातम्यांवर लक्ष ठेवणारे माध्यम निरीक्षण केंद्र उभारण्यासाठी सुमारे १० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. त्यातील थोडा भाग जरी निरीक्षणाऐवजी अशा अभ्यासगटांना मिळाला, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

या सर्व विवेचनातून निघणाऱ्या अपेक्षा अवास्तव नाहीत. पत्र सूचना कार्यालयाने तथ्य पडताळणीची चौकट केंद्र सरकारच्या कारभारापुरती न ठेवता, सीमेपलीकडून येऊन येथील शांतता बिघडवू शकणाऱ्या मजकुरापर्यंत वाढवावी, आणि हे काम सरकारी अधिकाऱ्यांवर न सोपवता स्वतंत्र पत्रकार, भाषातज्ज्ञ आणि विद्यापीठ यांच्या मंडळाकडे द्यावे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि हे काम त्याच्या आवाक्यातले आहे. गडचिरोलीच्या जिल्हा माहिती कार्यालयात मराठीसोबत बंगाली, गोंडी, माडिया आणि तेलुगू जाणणारी माणसे मानधनावर नेमावीत, आणि त्यांनी तयार केलेले एक-दोन मिनिटांचे ध्वनिसंदेश पूरनिरोपाच्या साखळीतून आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि गावभूमिया, म्हणजे गावचे पारंपरिक प्रमुख, यांच्यापर्यंत पोहोचवावेत. जेथे मोबाइलचे जाळे नाही तेथे बाजाराच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून ते ऐकवता येतील. आकाशवाणीच्या चंद्रपूर केंद्रावरून आठवड्यातून एक वेळ बंगालीला आणि एक वेळ गोंडीला द्यावी. आधीच्या खंडनात चूक आढळली, तर ती चूकही त्याच आवाजात आणि त्याच वेळी मान्य करावी. मजकूर रोखण्याचे जे आदेश गुप्त ठेवण्याची खरी गरज नाही, ते कारणांसह प्रसिद्ध करावेत. संशयित मजकुराविषयी विचारणा करणाऱ्या नागरिकाचे नाव कोणत्याही पोलीस नोंदीत जाणार नाही, अशी लेखी हमी मुलचेऱ्याच्या तहसील कार्यालयात लावावी. ती हमी मराठीबरोबर बंगालीत लिहिलेली असावी, आणि या पत्राला मंत्रालयाचे जे उत्तर येईल, तेही त्याच फलकावर, त्याच दोन भाषांत लावण्यात यावे, ही विनंती.

मुलचेरा, जिल्हा गडचिरोली